तळोदा मुळात कोणाचे? एका सीमेची सहाशे वर्षे

१.
इतिहासाच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : नंदुरबार-तळोद्याचा मुलूख मुळात कोणाचा? कोणी गुजरातच्या सुलतानांचे नाव घेतो, कोणी फारुकींचे, कोणी मोगलांचे, तर कोणी होळकरांचे. प्रत्येकाजवळ एक रंगीत नकाशा असतो आणि प्रत्येक नकाशात तळोद्याचा ठिपका वेगळ्या रंगात असतो. यांपैकी कोणताही नकाशा सर्वस्वी खोटा नाही. मात्र तापीपासून नर्मदेपर्यंत एकसारखा पसरलेला तो रंग फसवा आहे. तो कसा, हे समजण्यासाठी तळोद्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

२.
तळोदा सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस वसले आहे. दक्षिणेला तापीकाठची काळी, सपाट जमीन. उत्तरेला अक्राणीचे डोंगर आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा. तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारी व्यापारी वाट नंदुरबार आणि नवापूर या गावांवरून जात असे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए या वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा सुगंध येतो, असे त्याने लिहून ठेवले. सपाटीवरचा शेतसारा आणि ही वाट यांसाठी राजवटी झगडल्या. डोंगराचा हिशेब वेगळा होता. त्याकडे पुढे येऊ.

३.
पहिला झगडा दोन शेजाऱ्यांचा. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेरची जहागीर दिली आणि १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याची नजर लगेच पश्चिमेकडील सुलतानपूर (आजच्या शहादा तालुक्यातील) आणि नंदुरबार या ठाण्यांवर गेली. तेव्हा गुजरातचा कारभार पाहणाऱ्या जफरखानाने त्याला मागे रेटले आणि थाळनेरलाच वेढा घातला. १४१७ मध्ये मलिक राजाचा मुलगा नासिरखान याने माळव्याच्या मदतीने पुन्हा सुलतानपूरवर चाल केली. या वेळी अहमदाबाद वसवणारा अहमदशाह स्वतः धावून आला आणि नासिरखानाला नमते घ्यावे लागले.

४.
सोळाव्या शतकात हीच ठाणी वेगाने हातांतर झाली. १५३७ मध्ये गुजरातचा बहादूरशाह दीवजवळ पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला. त्यानंतर गादीवर आलेला त्याचा पुतण्या महमूद पूर्वी फारुकींच्या असीरगडावर कैदेत होता. या महमूदाने पुढे नंदुरबार आणि सुलतानपूर मुबारक फारुकीला देऊन टाकले.
मग अकबर आला. त्याने १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकले, पण खानदेश हाती यायला १६०१ उजाडले. मधल्या काळात सिद्ध झालेल्या ‘आईन-इ-अकबरी’त नंदुरबारची नोंद माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून आहे. असीरगड पडल्यावर खानदेशचा वेगळा सुभा झाला, शाहजादा दानियालच्या नावावरून त्याला ‘दानदेश’ म्हटले गेले आणि पुढे नंदुरबारही खानदेशातच गणले जाऊ लागले.
एका शतकाच्या आत तेच नंदुरबार गुजरातचे, खानदेशचे, माळव्याचे आणि पुन्हा खानदेशचे ठरले. म्हणून या प्रदेशाबद्दल ‘कोणाचा?’ असे विचारताना ‘कोणत्या वर्षी?’ हेही विचारावेच लागते.

५.
१७५२ च्या भालकीच्या तहाने निजामाकडून खानदेशाचा मोठा भाग पेशव्यांकडे आला आणि पुढे होळकरांचाही येथे अंमल बसला. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेच्या धाडीत सुलतानपूर उद्ध्वस्त झाले. पाठोपाठ १८०३ चा भीषण दुष्काळ आला. ज्या ठाण्यासाठी सुलतान लढले, ते शहर नंतर पुन्हा उभे राहिले नाही. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेशातील अंमल संपला. फेब्रुवारीत इंग्रजांनी थाळनेर घेतले आणि तेथील किल्लेदार तुळशीरामला फाशी दिले.

६.
आता डोंगराकडे वळू. वरच्या साऱ्या कथेत एक गोष्ट समान आहे : लढाया थाळनेर, सुलतानपूर, नंदुरबार येथे होतात, सातपुड्यात नव्हे. तळोद्याच्या उत्तरेचा आणि पश्चिमेचा पट्टा ‘मेवास’ म्हणून ओळखला जात असे. मेवास म्हणजे राजसत्तेला सहज दाद न देणाऱ्यांचा, दुर्गम आश्रयाचा मुलूख. ‘मवास’ या रूपात हा शब्द दिल्ली सल्तनतीच्या फारसी तवारिखांतही भेटतो. दरबारी लेखकांच्या लेखी तो बंडखोरांचा प्रदेश. तिथे राहणाऱ्यांच्या लेखी ते नुसते घर. इतिहास पहिल्या बाजूने लिहिला गेला, म्हणून ‘भिल्लांचे उपद्रव’ हा शब्दप्रयोग कागदपत्रांत जागोजागी दिसतो आणि गप्पांतही तसाच उतरतो.

७.
इंग्रजांनाही हा मुलूख केवळ फौजेने आवरला नाही. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाली आणि जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली. डोंगरातल्या संस्थानिकांची सत्ता मात्र पुसली गेली नाही. उलट तिची कायद्यात नोंद झाली. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याच्या यादीत सहा मेवासी प्रमुखांच्या गावांचा उल्लेख आहे : काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा आणि नवलपूरचे पाडवी. सर्वसाधारण कायदे या गावांना आपोआप लागू होत नसत.
हीच सहा नावे १९३६ च्या अंशतः वर्जित क्षेत्रांच्या आदेशात येतात आणि स्वतंत्र भारताच्या १९५० च्या अनुसूचित क्षेत्रांच्या आदेशातही. सत्ता बदलली, राज्यघटना आली, तरी यादीतली ती ओळ टिकली. १९८५ च्या आदेशाने तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी आणि नवापूर हे संपूर्ण तालुके अनुसूचित क्षेत्र ठरले. आज ग्रामसभेच्या अधिकारांविषयी येथे जो पेसा कायदा लागू आहे, त्याचे मूळ शोधत मागे गेल्यास वाट याच यादीशी पोहोचते.

८.
या सहांपैकी काठीची ‘राजवाडी होळी’ आजही प्रसिद्ध आहे. ती १२४६ पासून चालत आली आहे, असे परंपरा सांगते. म्हणजे फारुकींच्या सुमारे सव्वाशे वर्षे आधीपासून. समाजमाध्यमांवर अशा तारखेवरून लगेच दोन तट पडतात : एक ती अक्षरशः मानतो, दुसरा लेखी पुरावा नाही म्हणून ती निकालात काढतो. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही टोके टाळता येतात. मौखिक परंपरेतील आकडा शिलालेखातल्या तिथीसारखा वाचायचा नसतो. पण ‘सुलतान येण्यापूर्वी आमचे राज्य होते’ ही स्मृती एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या जपतो, हे स्वतःच एक ऐतिहासिक तथ्य आहे.

९.
आता सर्वांत अलीकडची आणि सर्वाधिक परिणाम करणारी सीमा. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तळोदा पश्चिम खानदेशात राहिले. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली. महाराष्ट्राचा मंगलकलश सर्वांना आठवतो; पण मुंबई पुनर्रचना कायद्याची पहिली अनुसूची फारसे कोणी वाचत नाही. तीत ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील गावांची नावे एकेक करून दिली आहेत. ही गावे गुजरातकडे गेली. जुन्या तळोदा तालुक्यातील, तापीकाठचे कुकरमुंडे आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. तळोद्याच्या माणसाला शेजारच्या बाजारगावी जाण्यासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागू लागली.

१०.
ही विभागणी भाषेच्या आधारावर झाली, असे आपण शिकतो. डांगवरून झालेला वाद तर याच मुद्द्यावर रंगला होता : तिथली बोली मराठीची की गुजरातीची? अखेर डांग गुजरातकडे गेला. परंतु तळोद्याच्या परिसरात प्रश्नच वेगळा होता. इथल्या असंख्य घरांत बोलली जाणारी भाषा ना प्रमाण मराठी होती, ना प्रमाण गुजराती. देहवाली, मावची, पावरी या इथल्या बोली आहेत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक स्वतंत्र भाग प्रामुख्याने भिल्ल भाषा आणि खानदेशी यांना वाहिलेला आहे. म्हणजे सीमा आखली जाण्याच्या अर्धशतक आधीच या भाषांचे वेगळेपण छापील स्वरूपात उपलब्ध होते.
तरीही १९६० मध्ये उत्तरासाठी दोनच रकाने होते. दोन भाषांमधली सीमा तिसरी भाषा बोलणाऱ्यांच्या शिवारातून गेली. तिकडच्या मुलांच्या वाट्याला शाळेत गुजराती आली, इकडच्या मुलांच्या वाट्याला मराठी. तिकडे आडनाव ‘वसावा’ असे लिहिले जाते, इकडे बहुधा ‘वसावे’.

११.
लोकांचा नकाशा मात्र निराळाच राहिला. याहामोगी ही सातपुड्यातील आदिवासींची कुलदेवता, दुष्काळात धान्य पुरवणारी माता. तिच्या कथेतील राजा पांठा आणि त्याचे ‘दाब’ राज्य यांचा संबंध परंपरा अक्कलकुवा तालुक्यातील डाब या गावाशी जोडते. देवीचे स्थान असलेले देवमोगरा मात्र गुजरातच्या सागबारा तालुक्यात आहे. कथेतील राजधानी एका राज्यात आणि देवी दुसऱ्या राज्यात! महाशिवरात्रीच्या यात्रेला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक जातात. दिवाळीत तळोद्याहून अस्तंब्याच्या शिखराकडे यात्रेकरू निघतात. भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा तिथे वावरतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. या वाटा सुलतानांच्या, सुभ्यांच्या किंवा राज्यांच्या हद्दी पाहून पडलेल्या नाहीत.

१२.
सीमांचे वाद इथे केवळ गप्पांचा विषय का नाहीत, याचे उदाहरण नर्मदेचे. पाणीवाटपाचा तंटा राज्याराज्यांचा होता. लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची ३३ गावे आली. विस्थापितांसाठी १९९० पासून तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली आणि सोमावळसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या जंगलात आधीपासून शेती करणारे आदिवासीही होतेच. राज्यांच्या तंट्यातून उखडलेले लोक आणि ज्यांच्या हातून जमीन सुटली ते लोक, दोघेही त्याच डोंगरपट्ट्यातले होते.

१३.
तेव्हा पुढच्या वेळी ‘खानदेश कोणाचा?’ हा वाद रंगला, तर रंगीत नकाशा पुढे करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या वर्षाबद्दल बोलणे चालले आहे? सपाटीबद्दल की डोंगराबद्दल? आणि सारा कोण घेत होते, न्याय कोण देत होते, घरात कोणती भाषा बोलली जात होती, यांपैकी ‘कोणाचा’ या शब्दात नेमके काय अभिप्रेत आहे? सुलतानपूरच्या अवशेषांवर आज कोणत्याही गादीचा वारस हक्क सांगत नाही. पण १९६० च्या अनुसूचीतील गावांत आजही माणसे राहतात आणि त्यांची सोयरीक अजून हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे. सुलतानांच्या मोहिमांवर हजारो संदेश लिहिले जातात; या गावांविषयी मात्र अजून फारच थोडे लिहिले गेले आहे.