ग्रहणाचा डाग

मैत्रिणींनो, बाळाचा ओठ फाटका निघाला की आपल्या परभणीकडं बोट आईकडंच वळायचं: ग्रहणात विळी धरली असेल! पाय वाकडा असला तरी तेच. बापाला कुणी विचारलं नाही. सरकारनं आधी पोलिओ धरला. १९९५ साली पल्स पोलिओ आला. २०११ नंतर देशात मूळ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. जन्मतःच्या व्यंगांसाठी देशभरची तपासणी मात्र ६ फेब्रुवारी २०१३ ला, पालघरहून सुरू झाली: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तेव्हापासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथक येतं, उपचार मोफत. वाकडा पाय पहिल्या आठवड्यांत प्लास्टरनं वळवता येतो. लाजेनं दुपट्यात झाकलेलं पाऊल उशिरा दिसतं, आणि मग ऑपरेशनचं काम वाढतं.