फेरफार नोंदवही : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील

जमिनीवरील हक्कांत वारसा, खरेदी, वाटणी, गहाण, कूळहक्क किंवा शासकीय आदेश यांमुळे होणारे बदल, ते घडतील त्या क्रमाने नोंदण्याची गावपातळीवरील नोंदवही. महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात ती ‘गाव नमुना सहा’ या नावाने ओळखली जाते. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) जमिनीची विद्यमान स्थिती दाखवितो; ती स्थिती कशी उत्पन्न झाली, हे फेरफार नोंदवहीवरून कळते. हस्तलिखित सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक हा या दोहोंमधील दुवा होय. हक्क संपलेल्या व्यक्तीचे नाव खोडून न टाकता त्यास कंस करण्याची पद्धत होती; त्यामुळे जुनी नोंद निष्प्रभ झाली, तरी वाचता येत असे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे हैदराबाद जमीन महसूल अधिनियम (१३१७ फसली) अंमलात असला, तरी हक्कनोंदणीविषयक स्वतंत्र विनियम १३५८ फसलीमध्ये, म्हणजे संस्थानाच्या विलीनीकरणानंतर, करण्यात आला. (फसली सनात सामान्यतः ५९० मिळविले असता इसवी सन येतो.) तत्पूर्वीच्या सेतवार, पहाणी पत्रक इ. कागदांचा मुख्य हेतू सारावसुलीचा होता. साहजिकच सारा कोणी द्यावयाचा, हे त्यांत स्पष्ट असे. जमिनीवर हक्क कोणाकोणाचा, हे मात्र अनेकदा अनुमानानेच ठरवावे लागे. १९५० चा कूळकायदा व त्यानुसार झालेल्या संरक्षित कुळांच्या याद्या, तसेच १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा यांमुळे कब्जा व मालकी यांचे जुने संबंध झपाट्याने बदलले. याच सुमारास तयार झालेले १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यातील जमिनींच्या वादांत आजही आवर्जून पाहिले जाते.

दप्तरांचे स्थलांतर : राज्यपुनर्रचनेच्या वेळी (१ नोव्हेंबर १९५६) मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्याला जोडण्यात आले व १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण होताच ते त्यात समाविष्ट झाले. नांदेडला आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका व इस्लापूर मंडळ मिळाले; उलट मुधोळ, भैंसा व कुबीर, तसेच देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे त्यातून वगळली गेली. अशा प्रकारे उदगीरकडील एखाद्या शेताचा इतिहास तीन जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरलेला आढळतो. त्याची लिपी कोठे उर्दू, कोठे मोडी, तर कोठे बाळबोध असते. कालगणना फसलीवरून इसवी सनाकडे आणि क्षेत्रमापन एकर-गुंठ्यांवरून हेक्टर-आरकडे वळलेले दिसते. प्रत्येक नक्कल व प्रत्येक रूपांतर हे चुकीला वाव देणारे असते.

नोंदीची कार्यपद्धती : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ रोजी अंमलात आली. तिच्या कलम १५० प्रमाणे तलाठी (अलीकडील पदनाम ग्राम महसूल अधिकारी) नोंद करून तिची प्रत चावडीत लावतो व हितसंबंधितांना लेखी सूचना देतो. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. अन्यथा मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतो. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली होते. परंतु ही दुरुस्तीही जुना मजकूर नाहीसा करून होत नाही. आदेश निघतो व त्याची स्वतंत्र नोंद घेतली जाते. कलम १५७ अन्वये, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर रीत्या नवी नोंद येईपर्यंत, अभिलेखातील नोंद खरी मानली जाते. यामुळेच चुकीची नोंदही दीर्घकाळ परिणामकारक ठरू शकते.

संगणकीकरण : भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे हे काम राज्यभर पसरले. हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा यांतील तफावती शोधण्यासाठी २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली आणि १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी व ते क्षेत्र आकारबंदाशी जुळते की नाही, हे यंत्राला क्षणात पडताळता येते. मात्र वगळलेला वारस कोण, हे बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी मूळ फेरफारच वाचावा लागतो.

संगणकाच्या आज्ञावली लिहितानाही असाच क्रमवार इतिहास ठेवतात. त्यास आवृत्तिनियंत्रण म्हणतात. ‘सबव्हर्जन’ या प्रणालीतील सबंध भांडार एका सलग संचिकेत उतरविता येते. तीत आवृत्तीचा क्रमांक, बदललेल्या संचिकेचा मार्ग, मजकुराची लांबी व पडताळा-अंक अशी शीर्षके एकापाठोपाठ येतात. लहानशा आज्ञावलीने या नोंदी वाचून बदलता येतात. पण मजकूर बदलल्यास लांबी व पडताळा-अंक नव्याने काढावे लागतात आणि एखादी नोंद गाळल्यास तिचा हवाला देणाऱ्या पुढील नोंदी निराधार होतात. फेरफाराच्या साखळीतील हरवलेल्या पानाचा परिणामही हाच असतो.

महत्त्व : पीककर्ज, भूसंपादनाचा मोबदला व वारसाहक्क या नोंदींवर अवलंबून असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गावे नव्या जागी वसविताना जमिनींच्या अभिलेखांतही बदल करावे लागले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी निजामकालीन उर्दू व मोडी दप्तरे नव्याने तपासण्यात आली. सारावसुलीसाठी लिहिलेला कागद अशा रीतीने नागरिकाच्या ओळखीचा पुरावा ठरला. त्याचे प्रामाण्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : मूळ नोंद अबाधित असणे आणि तीतील प्रत्येक दुरुस्ती केव्हा, कोणी व कोणत्या आधारे केली, हे शेजारीच नमूद असणे.