माझगावचा चिनी देव

डॉकयार्ड रोड स्टेशनजवळच्या गल्लीत, एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर चिनी देऊळ आहे. सी यिप कून. १९१९ साली दक्षिण चीनमधून आलेल्या खलाशांनी उभारलेलं. वर देव, खाली बोटीवरून उतरलेल्यांची राहायची सोय. आपल्या गिरणगावातली कोकणी गावकऱ्यांची खोली आठवते ना, तसंच. नावही गावावरूनच पडलंय: सी यिप म्हणजे क्वांगतुंग प्रांतातले चार तालुके. तिथलेच लोक ऑस्ट्रेलियात गेले, तर मेलबर्नमध्येही १८६६ चं सी यिप देऊळ आहे, आणि देवही तोच!

हा देव म्हणजे क्वान कुंग, खरा होऊन गेलेला सेनापती. इ.स. २२० मध्ये मारला गेला. त्याआधी २०० साली तो शत्रूच्या, त्साव त्सावच्या, हाती लागला होता. त्साव त्सावने त्याला मानमरातब दिला, तरी हा गडी आपल्या धन्याकडे, ल्यू पेकडे, परत गेला. पुढे १६१४ मध्ये मिंग बादशहाने त्याला थेट सम्राटपद बहाल केलं (मेल्यावर बढती!). परक्या बंदरात उधारी, भागीदारी, घरी पाठवायचे पैसे, सगळं शब्दावर चालायचं. तिथे शब्द पाळणारा देव हवा, हे मला अगदी पटतं.

आणि १९६२ च्या युद्धात नेमकी याच समाजाच्या निष्ठेवर शंका घेतली गेली. देशातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं. त्यातले बहुतेक आसाम-बंगालकडचे. मुंबईतलीही बरीच कुटुंबं पुढे परदेशी गेली. उरलेली चिनी नववर्षाला जिना चढून येतात, उदबत्त्या लावतात.