अंडी राखणारा बाप, अंडी खाणारा बाप

आज गोष्ट एका बापाची. हा बाप आहे मासा. नाव स्टिकलबॅक. युरोपातल्या ओढ्यांमध्ये राहणारा, बोटाएवढा, पाठीवर तीन काटे असलेला.

विणीच्या दिवसांत नराचं पोट लाल होतं. पाणवनस्पतींचे तुकडे गोळा करून, अंगातून निघणाऱ्या चिकट द्रवाने ते जोडून तो घरटं बांधतो. माद्या येतात, अंडी घालतात, निघून जातात. मग आठवडाभर सगळी ड्युटी बापाची. पर हलवून अंड्यांना ताजं पाणी द्यायचं, चोरांना पळवून लावायचं.

१९३० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात निको टिनबर्गन यांनी काचेच्या टाक्यांमध्ये हे वागणं बारकाईने पाहिलं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली त्यांना दोघा शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं.

त्याच वर्षी रॉबर्ट वूटन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी स्टिकलबॅकच्या माद्यांना कमी-जास्त खाणं देऊन पाहिलं. ज्यांना जास्त मिळालं, त्यांनी जास्त वेळा अंडी घातली. म्हणजे आईचा हिशोब सरळ निघाला.

बापाचं काय? त्याला घरटं सोडून लांब चरायला जाता येत नाही. आणि हाच बाप कधीकधी स्वतःचीच अंडी खातो! पूर्वी अनेकांना ही विकृती वाटायची. १९७८ साली सीव्हर्ट रोवर या अमेरिकन शास्त्रज्ञाने उलटा विचार मांडला. थोडी अंडी खाल्ली, तर बापाच्या अंगात उरलेली राखायची ताकद राहते. अंडी अगदीच मोजकी असतील, तर ती संपवून नव्याने सुरुवात करणंही परवडतं.

मग प्रश्न आला: बापाला पोटभर खायला दिलं तर तो थांबेल? पुढे बऱ्याच जातींवर प्रयोग झाले. काहींत अंडी खाणं कमी झालं, काहींत फरकच पडला नाही. म्हणजे भूक हे एक कारण आहे, एकमेव नाही. अंडी किती आहेत, पुन्हा मादी मिळेल का, हेही मोजावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी घरी फायटर मासे पाळत असेल, तर हे ओळखीचं वाटेल. तिथेही नरच बुडबुड्यांचं घरटं राखतो आणि कधी एका सकाळी अंडी गायब असतात. अशा वेळी नराला लगेच 'वाईट बाप' म्हणू नका. त्याची बाजू समजायला विज्ञानालाही बरीच वर्षं लागली.

भेटू पुढच्या भागात!