पोरं येत नाहीत

माझे धाकटे दीर सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचं काम बघतात. परवा चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, बैठकीला जेमतेम पंधरा डोकी. साठीच्या आतलं एकही नाही. नवीन पोरं येतच नाहीत. आमच्यामागे हे सगळं बंद पडणार बघा."

मी काय बोलणार! पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे अमेरिकेतल्या दोन संघटना आठवल्या. त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिली 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक'. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकांची. स्थापना १८६६. १८९० मध्ये तिचे सभासद चार लाखांवर होते. पेन्शनसाठी ती भांडली, आणि तिचा शब्द राजकारणी लोकही खाली पडू देत नसत. पण सभासद व्हायचं तर यादवी युद्धातलाच सैनिक हवा. १८९८ मध्ये स्पेनशी लढून आलेल्या मुलांना तिथे जागा नव्हती. त्यांनी आपल्या वेगळ्या संघटना काढल्या. १९४९ च्या शेवटच्या अधिवेशनाला सहा म्हातारे आले. १९५६ मध्ये अखेरचे सभासद आल्बर्ट वूल्सन वारले आणि संघटनाही संपली.

दुसरी 'अमेरिकन लीजन'. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी ती १९१९ मध्ये काढली. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, नियम बदलून तिने नव्या सैनिकांना दार उघडलं. पण नुसतं दार उघडून भागत नाही. पहिल्या युद्धाहून परतताना या लोकांच्या हातावर सरकारने साठ डॉलर टेकवले होते. १९३२ मध्ये कबूल केलेला बोनस लवकर मागायला राजधानीत जमलेल्या सैनिकांना लष्कर घालून हाकललं होतं. तो चटका ते विसरले नव्हते. त्यांच्यातलेच एक वकील हॅरी कोलमरी यांनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून कायद्याचा मसुदा हाताने लिहून काढला. जून १९४४ मध्ये त्यावर रूझवेल्ट यांची सही झाली. हेच 'जी. आय. बिल'. त्यातून सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतलं. (कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला मात्र त्यातलं फार कमी आलं, हेही सांगायला हवं.) १९४६ मध्ये लीजनचे सभासद ३३ लाखांपर्यंत पोचले. ती संघटना आजही आहे.

"म्हणजे म्हाताऱ्यांनी आधी पोरांचं काम केलं," दीर म्हणाले.

"हो भावजी. तुमच्याकडचा शिपाई ऐन चाळिशीच्या आत घरी येतो. त्याला दुसरी नोकरी हवी, मुलांची फी भरायची असते. बैठकीत त्याला फक्त जुन्या लढायांच्या गोष्टी ऐकवल्या, तर तो दुसऱ्यांदा येईल कशाला? आणि २०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी घरी परतणाऱ्या मुलांचं काय? त्या योजनेत त्यांना माजी सैनिकाचा दर्जा ठेवलेला नाही. तुमच्या संघटनेत त्यांना जागा आहे?"

ते जरा थांबले. "घटना बघावी लागेल. बहुतेक नाही."

कप खाली ठेवून निघाले. काल रात्री त्यांचा फोन आला. पुढच्या बैठकीत हा विषय घेतलाय म्हणाले. दोघांचा विरोध आहे. तेरा उरतात.