प्राण्यांसाठी शिकायचे, पण कुठे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील शाळांत एक प्रश्न हमखास येतो. वर्गातील बहुतेक मुले अभियांत्रिकी, आयटीआय किंवा डिप्लोमाची चौकशी करीत असतात. आईवडील कारखान्यात असतात आणि यंत्रांची भाषा घरात बोलली जाते. अशा वर्गातली एखादी मुलगी मात्र म्हणते, "मला प्राण्यांसोबत काम करायचे आहे. कोणते कॉलेज घेऊ?" यावर आपले उत्तर बहुधा ठरलेले असते. "जीवशास्त्र घे. मेडिकलला नंबर लागला तर उत्तम, नाही तर जनावरांची डॉक्टरकी आहेच."

या उत्तरात दोन गफलती आहेत. पशुवैद्यक ही माणसांच्या वैद्यकाची उरलीसुरली जागा आहे, ही पहिली. प्राण्यांसोबतचे काम म्हणजे एकच काम, ही दुसरी. दोन्ही दूर करायच्या तर गुणांच्या याद्यांपेक्षा इतिहासाचा उपयोग जास्त होईल. प्राण्यांसंबंधीची प्रत्येक शिक्षणसंस्था कोणत्या तरी गरजेतून, कोणत्या तरी प्राण्यासाठी सुरू झाली. ती गरज ओळखली की तिथे काय शिकायला मिळेल हेही कळते. आणि या कहाणीचा बराचसा भाग आपल्याच परिसरात, मुळा-मुठेच्या काठी घडलेला आहे.

घोड्यांसाठी पहिली शाळा

पुण्यात १८६२ साली लष्कराने पशुवैद्यक शिकवणारी एक शाळा काढली. भारतातील अशा आरंभीच्या शाळांपैकी ही एक. तिचा विषय एकच होता, घोडा. त्या काळी घोडदळ आणि तोफखाना दोन्ही घोड्यांवर चालत. घोडा आजारी म्हणजे पलटण जागेवर. तोवर घोड्यांचे उपचार सलोत्री करीत. शालिहोत्र या अश्ववैद्यकाच्या प्राचीन आचार्यांच्या नावावरून हा शब्द आला. सलोत्र्यांकडे पिढीजात अनुभव होता, पण संसर्ग कसा पसरतो हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हते. लुई पाश्चर आणि रॉबर्ट कॉख यांचे रोगजंतूंवरील महत्त्वाचे काम त्यानंतरच्या वीस वर्षांत झाले.

शेतकऱ्याची गुरे मात्र या शाळेच्या कक्षेबाहेर होती. त्यांच्यात बुळकांडीच्या साथी येत. ताप, तोंडात फोड, नाकाडोळ्यांतून स्राव, हगवण आणि काही दिवसांत मृत्यू. साथ गावात शिरली की गोठेच्या गोठे रिकामे होत. बैल गेला की नांगर थांबे आणि त्यामागून उपासमार येई. सरकारने या साथींची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. हॅलन या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला आणि गुरांच्या रोगांकडे सरकारचे लक्ष वेधले गेले.

परळचे महाविद्यालय

मुंबईची वाट वेगळी होती. तिथे १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य थांबवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. ट्राम ओढणारे घोडे आणि ओझ्याच्या गाड्यांचे बैल यांचे हाल शहरात रोज दिसत होते. दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय उभे राहिले. या रुग्णालयाच्या आधाराने १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता आणि उत्तीर्ण विद्यार्थ्याला जी.बी.व्ही.सी. ही पदविका मिळे.

इथे रुग्णालय आधी आणि महाविद्यालय मागाहून आले, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. वैद्यक पुस्तकातून शिकता येत नाही. दारात आजारी जनावर यावे लागते. त्यामुळे पशुवैद्यकीय महाविद्यालय पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, इथल्या दवाखान्यात कोणती जनावरे येतात आणि विद्यार्थ्याला त्यांना हात लावायला कधी मिळतो?

विज्ञान महाविद्यालयातील प्रयोगशाळा

पुण्यात १८८९ साली आणखी एक घटना घडली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये गुरांच्या रोगांचा जंतुशास्त्रीय अभ्यास करणारी एक सरकारी प्रयोगशाळा संगमाजवळच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. हेच महाविद्यालय पुढे अभियांत्रिकीसाठी प्रसिद्ध झाले आणि आज ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जिथे आज आपले विद्यार्थी धडपडतात, तिथे एकेकाळी गुराघोड्यांच्या रोगांचा शोध चालू होता!

या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. त्यांनी घोड्यांच्या सरा या रोगाचाही अभ्यास केला. या रोगाचा सूक्ष्म एकपेशीय परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने भारतातच १८८० साली आजारी घोड्याउंटांच्या रक्तात पाहिला होता. ट्रायपॅनोसोम गटातील परजीवी सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करतात हे त्यातून प्रथमच दिसले. आफ्रिकेतील माणसांच्या निद्रारोगाचे कारण पुढे याच गटात सापडले. घोड्याच्या आजाराचा शोध माणसाच्या आजारापर्यंत जातो, याचे हे जुने उदाहरण आहे.

पण बुळकांडीसारख्या वेगाने पसरणाऱ्या रोगावर भरवस्तीत प्रयोग करणे धोक्याचे होते. पुण्याच्या उष्ण हवेत नमुनेही टिकत नसत. म्हणून १८९३ साली प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. तिथे थंडी होती आणि आसपास वस्ती तुरळक होती. रॉबर्ट कॉख यांनी १८९७ साली या प्रयोगशाळेला भेट दिली. तिथेच १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमध्ये एकामागून एक वाढवून सौम्य केला आणि त्यापासून गुरांसाठी लस बनवली. स्वातंत्र्यानंतर देशभर लसीकरणाची मोहीम चालली. भारतातील बुळकांडीची शेवटची साथ १९९५ साली नोंदली गेली आणि २०११ साली हा रोग जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. पुण्यात सुरू झालेली ती प्रयोगशाळा आज भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिचे मुख्य ठाणे बरेलीजवळ इज्जतनगरला आहे.

आता पहिल्या गफलतीकडे पुन्हा पाहू. ज्या विद्येने शेतकऱ्याच्या दारातील एवढे मोठे संकट कायमचे हटवले, ती दुसऱ्या विद्येची उरलीसुरली जागा कशी म्हणायची?

पिंपरीचे घोडे

पिंपरी-चिंचवड म्हणजे गाड्या आणि सुटे भाग असे आपण समजतो. पण इथल्या औद्योगिक इतिहासाच्या आरंभी एक बुरशी आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. मोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला हवा आणि अन्न पुरवायचे, दुसरा जंतू शिरू द्यायचा नाही, हे सारे जीवशास्त्राचेच काम होते.

पिंपरीत घोडेही आहेत आणि तेही औषधासाठीच. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून जवळच हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ साली आली. तिचीच पुढे हाफकिन संस्था झाली. लस आणि औषधे बनवण्याचे काम १९७५ साली वेगळ्या महामंडळाकडे गेले. या महामंडळाच्या पिंपरी येथील केंद्रात प्रतिविषासाठी घोडे पाळले जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग थोडे रक्त काढून त्यातील द्रव भाग वेगळा करतात आणि प्रतिपिंडे शुद्ध करून कुपीत भरतात. शेतात साप चावलेल्या माणसाला वाचवते ती ही कुपी.

पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटचे मूळही घोड्यांतच आहे. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपालन केंद्रातील शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिन संस्थेकडे रक्तद्रवासाठी जात. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली ही कंपनी स्थापन झाली.

प्रतिविषाच्या एका कुपीमागे किती जणांचे शिक्षण असते, ते मोजून पाहण्यासारखे आहे. घोड्याचे वजन, रक्त आणि सुया टोचलेल्या जागा पाहतो तो पशुवैद्य. सापाची जात आणि प्रदेशानुसार बदलणारे विष जाणतो तो प्राणिशास्त्रज्ञ. प्रतिपिंडे शुद्ध करतो तो जीवरसायनशास्त्रज्ञ. प्राणी एकच, पण महाविद्यालये तीन. दुसऱ्या गफलतीचे उत्तर हे.

दोन प्रश्न, दोन वाटा

पशुवैद्यक आणि प्राणिशास्त्र यांतला फरक आणखी एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चाकणच्या उत्तरेला जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत उसात बिबटे राहतात. २००१ नंतर तिथले अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माहितीचा अभ्यास केला. बिबट्या उचलून दुसरीकडे नेल्याने प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो, असे त्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले. विहिरीत पडलेल्या बिबट्याला भूल देणे, त्याची जखम शिवणे हे पशुवैद्याचे काम. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्रात ते चालते. बिबट्या उसात का राहतो, काय खातो, किती फिरतो हे शोधणे प्राणिशास्त्रज्ञाचे काम. एकाचा प्रश्न 'हा प्राणी बरा कसा होईल?' असा असतो, तर दुसऱ्याचा 'हे प्राणी असे का जगतात?' असा.

कायदाही हा फरक पाळतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ साली झाला. त्यानुसार पशुवैद्य म्हणून व्यवसाय करण्यासाठी मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी लागते. प्राणिशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्याला तो अधिकार मिळत नाही. हे बारावीनंतर तीन वर्षांनी कळले तर वेळ फुकट जातो आणि मन खट्टू होते, म्हणून शिक्षकाने ते आधीच सांगायला हवे. उलट, ज्याला जंगलातील प्राण्यांच्या वर्तनाची ओढ आहे, त्याने प्राणिशास्त्राची वाट धरावी. पुढे देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, इतरही संस्था आहेत. प्राणिशास्त्राचे शिक्षण बेडूक कापण्यापासून सुरू होते, ही समजूतही आता जुनी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली महाविद्यालयातील विच्छेदन बंद करण्याच्या सूचना दिल्या. विद्यार्थी आता निरीक्षण, प्रतिकृती आणि संगणक यांच्या आधारे शिकतात.

महाविद्यालय पाहताना

महाराष्ट्रात मुंबईनंतर नागपूरला १९५८ साली आणि परभणीला १९७२ साली पशुवैद्यकीय महाविद्यालये निघाली. पुढे उदगीर आणि शिरवळ येथे ती सुरू झाली. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ही महाविद्यालये त्याच्याकडे आली. पिंपरी-चाकणच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे महाविद्यालय शिरवळचे. पुणे-सातारा रस्त्यावरील या महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव आहे. एक वर्षाच्या प्रशिक्षणासह पदवीला साडेपाच वर्षे लागतात आणि प्रवेशासाठी नीट परीक्षेचे गुण धरतात.

पण केवळ अंतर आणि गुण पाहून निवड करू नये. परळला कुत्री, मांजरे आणि शहरातील जनावरे जास्त दिसणार. शिरवळ, परभणी, उदगीर येथे आसपास गाई, म्हशी, शेळ्या आहेत. कोणत्या प्राण्यासोबत आयुष्य काढायचे, याचे उत्तर बऱ्याच अंशी महाविद्यालयाच्या परिसरात मिळते. ते उत्तर शोधायला मुलांना प्रवेशाआधीच मदत करता येईल. चाकणच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात तासभर उभे राहिले तर गुरांचे वय दातांवरून कसे ओळखतात, सौदा कशावरून ठरतो हे दिसते. गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात परवानगी घेऊन एक दिवस बसले तर शेण, रक्त आणि मालकाची काळजी या तिन्हींची ओळख होते. एखाद्या मुलीला हे सारे पाहूनही तिथेच थांबावेसे वाटले तर तिची वाट पशुवैद्यकाची. तिला गोठ्यापेक्षा गोचिडांचे जीवनचक्र जास्त खुणावू लागले तर प्राणिशास्त्राची. दवाखान्यातील लसीच्या बाटलीपाशी ती रेंगाळली तर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवतंत्रज्ञान पाहावे.

या बाटलीचाही एक इतिहास आहे. औंधला राज्य शासनाची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था आहे. तिथे गुरांसाठी आणि कोंबड्यांसाठी लसी तयार होतात. २०२२ साली लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातील गुरांना ग्रासले. त्यावरील नवी लस हिस्सारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची संस्था यांनी मिळून विकसित केली. तिच्या उत्पादनासाठी औंधच्या संस्थेशी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये करार झाला. १८९३ साली पुण्याहून डोंगरात गेलेल्या प्रयोगशाळेचे ज्ञान असे पुन्हा मुळेच्या काठी आले. ते पुढे नेणारी माणसे आपल्याच वर्गांतून जायची आहेत. त्यांनी "कोणते कॉलेज घेऊ?" असे विचारले की आपण आधी एवढेच विचारावे, "कोणत्या प्राण्यासाठी, आणि त्याच्याबद्दल तुला काय जाणून घ्यायचे आहे?"