लर्निंग आणि पक्कं, यांच्या मधली पायरी

ब्रिटनमध्ये १९०३च्या कायद्यानुसार मोटारीचं लायसन्स घ्यायला दोनच गोष्टी लागायच्या: सतरा वर्षं वय आणि पाच शिलिंग. गाडी चालवता येते का, हे कुणी विचारत नसे. परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ साल उजाडलं. त्याच सुमारास शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल 'एल' झळकू लागला.

आधी शिका, मग परीक्षा द्या, मग मोकळे. आपला १९८८चा मोटार वाहन कायदाही याच साच्यातला. लर्निंग लायसन्स काढायचं, किमान तीस दिवस थांबायचं, सहा महिन्यांच्या आत आरटीओत टेस्ट द्यायची. एकदा पक्कं लायसन्स हातात आलं की त्याच रात्री चार मित्रांना घेऊन लोणावळ्याला निघालात, तरी कायदा तुम्हाला अडवत नाही.

या साच्यातली खोट १९७०च्या दशकात पॅट्रिशिया वॉलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवली. त्या अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रस्ता सुरक्षेवर संशोधन करत. शेजारी मोठं माणूस बसलेलं असताना शिकाऊ मुलांचे अपघात फार कमी होतात. ते वाढतात टेस्ट पास झाल्यावर, एकट्याने गाडी चालवण्याच्या पहिल्या काही महिन्यांत. त्यातही रात्री जास्त, आणि गाडीत समवयस्क असतील तर आणखी जास्त. पार्किंग जमलं म्हणजे भान आलं असं नाही. ते सरावानेच येतं. मग हा सराव कमी धोक्याच्या वेळी का करून घेऊ नये? आम्ही सॉफ्टवेअरवाले नवा कोड आधी थोड्याच लोकांपर्यंत सोडतो, सगळं नीट चाललं की मग सगळ्यांना देतो. वॉलरबाईंचं म्हणणं साधारण तसंच होतं.

ही कल्पना पूर्ण रूपात आधी अमलात आली न्यूझीलंडमध्ये, १९८७ साली. तिथे तेव्हा पंधराव्या वर्षी गाडी चालवता येत असे. शिकाऊ आणि पक्कं यांच्या मध्ये 'मर्यादित' लायसन्स आलं: सोबत अनुभवी चालक नसेल तर रात्री दहा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही, मित्रांना बसवायचं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये सुरुवात केली. खुद्द वॉलरबाईंच्या नॉर्थ कॅरोलायनात ही पद्धत यायला १९९७ उजाडलं. जिथे नियम कडक होते, तिथे सोळा-सतरा वर्षांच्या चालकांचे अपघात स्पष्टपणे घटले.

आपल्याकडे अशी पायरी नाहीच, असं मात्र नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवायला आपला कायदा परवानगी देतो. १९७२ साली आलेली कायनेटिकची लूना याच मापाची. कमी ताकद, बेताचा वेग. रस्ता शिकायला बरी. पण आज बाजारात ५० सीसीची पेट्रोल गाडी शोधून सापडत नाही. कॉलेजच्या पार्किंगमध्ये ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटर उभ्या असतात. पायरी कायद्यात उरली, रस्त्यावरून गेली.

आपण वाढवली ती शिक्षा. २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तरीही मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर एका महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण आयटी इंजिनिअरांचा जीव घेतला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. त्याच्याकडे लायसन्सच नव्हतं, त्यामुळे मधल्या पायरीने तो अपघात टळला असता, असं म्हणता येणार नाही.

पण रात्र आणि सोबत मित्र, ही जोडी वॉलरबाईंच्या मांडणीत आधीपासूनच होती. आपल्या कायद्यातला दंड अपघात झाल्यावर जागा होतो. अठरा पूर्ण झालेल्या, रीतसर टेस्ट पास झालेल्या मुलीला किंवा मुलाला पहिल्या सहा महिन्यांत रात्री कुठे थांबायचं, हे सांगणारं कलम मात्र आपल्याकडे अजून लिहिलेलं नाही.